हृदयापर्यंतचे अंतर किती?

अँजिओग्राफी हा शब्द आता गावातल्या पारावरही नवा राहिलेला नाही. मनगटातून नाहीतर जांघेतून बारीक नळी घालतात, ती हृदयापर्यंत नेतात आणि कुठली रक्तवाहिनी तुंबली आहे ते पाहतात, इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण नळी किती आत गेली म्हणजे हृदय आले, हे बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरला कळते कसे? उंच माणसाला किती, ठेंगण्या माणसाला किती, तान्ह्या बाळाला किती? जिवंत माणसाच्या बाबतीत हे अंतर आधी अदमासाने ठरवून, नळी हृदयात पोहोचल्याचे लगेच क्ष-किरणात पाहून घेणारे पहिले डॉक्टर म्हणजे जर्मनीचे वर्नर फोर्समान. तो जिवंत माणूस ते स्वतःच होते. अंतर निघाले ६५ सेंटिमीटर, आणि नळी तिथे संपली.

वर्नर थिओडोर ओटो फोर्समान यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील वकील होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते लढाईत मारले गेले. एकुलत्या एक मुलाला आई आणि आजीने वाढवले. घराण्यात एक डॉक्टर काका होते, त्यांच्याकडे पाहून मुलाचा ओढा वैद्यकाकडे वळला. १९२२ मध्ये बर्लिन विद्यापीठात प्रवेश, १९२९ मध्ये अंतिम परीक्षा आणि त्यानंतर बर्लिनच्या ईशान्येला असलेल्या एबर्सवाल्ड या लहान शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात उमेदवारी. इथपर्यंत त्यांच्या आयुष्यात लिहून ठेवावे असे फारसे काही नव्हते.

विद्यार्थिदशेत पाहिलेले एक चित्र मात्र त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. शोवो आणि मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात घोड्याच्या मानेतल्या शिरेतून नळी थेट हृदयात नेऊन आतला दाब मोजला होता. त्याचे ते चित्र होते. घोडा उभा आहे, मानेतून नळी बाहेर आली आहे आणि घोड्याला त्याचे काहीच वाटत नाही. घोड्याला जे चालते ते माणसाला का चालू नये, हा फोर्समान यांचा प्रश्न होता.

प्रश्नामागे निव्वळ हौस नव्हती. त्या काळी एखाद्या रुग्णाचे हृदय बंद पडू लागले की शेवटचा उपाय म्हणून छातीतून लांब सुई सरळ हृदयात खुपसून औषध देत. सुई अंधारातच जायची. ती हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीला लागली तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठे आणि उपायच रुग्णाचा जीव घेई. अनेक डॉक्टर त्यामुळे हा उपाय फार उशिरापर्यंत टाळत. छाती न टोचता, शिरेच्या वाटेने औषध हृदयात पोहोचवता आले तर? कोपराच्या खळगीतली शीर सगळ्यांच्या ओळखीची, रक्त तपासायला घेतात तीच. तिथून रक्त दंडात, दंडातून काखेत, काखेतून गळपट्टीच्या हाडामागे आणि तिथून वरच्या महाशिरेतून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात उतरते. वाट पुढे पुढे रुंद होत जाते आणि प्रवाह हृदयाकडेच असतो. ओढ्यात सोडलेली काडी नदीला मिळावी तशी नळीही वाहत्या रक्ताबरोबर हृदयाला मिळेल, असा हिशेब होता.

पण अशी नळी जगात कुठेच तयार होत नव्हती. फोर्समान यांनी मूत्ररोगतज्ज्ञांची नळी उचलली. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या मूत्रवाहिनीत घालण्यासाठी ती बनलेली होती. तिची जाडी होती ४ शारिएर. या फ्रेंच मापात ३ म्हणजे १ मिलिमीटर, तेव्हा ही नळी सव्वा मिलिमीटरपेक्षा थोडी जाड. शिरेतून सरकण्याइतकी ती बारीक होती आणि तिला तेलही चोपडता येत होते. जाडीचा प्रश्न असा सुटला. उरला लांबीचा.

मूत्रवाहिनीसाठी बनलेल्या नळीला हृदयाचा पत्ता कसा ठाऊक असणार? डाव्या कोपरापासून हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत रस्ता किती, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. शीररचनेची चित्रे होती, पण चित्रातला माणूस कोणाच्याच उंचीचा नसतो. डावा हात निवडल्याने वाट आणखी लांबली, कारण डावीकडची मोठी शीर छातीच्या मधोमध आडवी होऊन उजवीकडे जाते आणि मगच महाशिरेला मिळते. फोर्समान यांनी आपल्याच अंगावरून अंदाज बांधला, तो साधारण ६५ सेंटिमीटरचा. नळीही जेमतेम तेवढीच उपयोगाची होती.

विभागप्रमुख रिचर्ड श्नायडर हे घरोब्यातले. फोर्समान यांनी बेत सांगताच त्यांनी रुग्णावर प्रयोग करायला साफ नकार दिला. मग स्वतःवर करतो म्हटल्यावर तर अधिकच ठाम नकार. विधवा आईच्या एकुलत्या मुलाला काही झाले तर तिला काय सांगायचे, ही त्यांची काळजी होती.

यापुढची हकिगत जगभर सांगितली जाते ती अशी. निर्जंतुक हत्यारे गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात असत. फोर्समान यांनी तिला आपल्या बाजूला वळवले. पण ती हत्यारे द्यायला तयार झाली ती एका अटीवर, प्रयोग तिच्यावर करायचा. फोर्समान यांनी होकार दिला, तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवून हातपाय बांधले, तिच्या कोपराला आयोडीन लावले आणि तिला कळायच्या आत स्वतःचा डावा कोपर बधिर करून, शीर उघडून नळी आत सरकवली. नंतर तिला सोडवले. ती रागावली, आणि तरी त्यांच्याबरोबर क्ष-किरण विभागात गेली.

ही हकिगत त्यांच्या आत्मचरित्रातली, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ उलटल्यावर, १९७२ साली छापलेली. १९२९ मध्ये नियतकालिकात त्यांनी स्वतः लिहिलेला वृत्तांत थोडा निराळा आहे. त्यात आधी एक सहकारी डॉक्टर होता. त्याने सुईतून नळी ३५ सेंटिमीटरपर्यंत आत घातली, मग त्याचा धीर सुटला आणि नळी काढून घेतली गेली. आठवड्याने फोर्समान यांनी एकट्यानेच पुन्हा तेच केले. प्रमुखांचा हुकूम मोडल्याचे आणि एका परिचारिकेला फसवल्याचे तरुण डॉक्टर छापील लेखात कबूल करणे शक्य नव्हते, हे उघड आहे. तसेच म्हातारपणी आपली गोष्ट रंगवून सांगण्याचा मोह कोणाला सुटत नाही, हेही खरे. मुख्य गोष्टीत मात्र दोन्ही वृत्तांत जुळतात. नळी हातात लोंबत असताना हा माणूस आपल्या पायांनी जिना उतरून किंवा चढून क्ष-किरण यंत्रापुढे जाऊन उभा राहिला.

या प्रकरणात त्यांचा वेडेपणा जितका सांगितला जातो तितके हे चालत जाणे सांगितले जात नाही. वास्तविक सगळे शास्त्र त्यातच होते. शिरेत नळ्या घालण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. १९१२ च्या सुमारास बर्लिनमध्येच ब्लाइखरोडर, उंगर आणि लोएब यांनी असे काही केले होते, पण नळीचे टोक कुठे पोहोचले याचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. फोर्समान पडद्यामागे उभे राहिले. पडद्यावरचे चित्र त्यांना स्वतःला दिसावे म्हणून परिचारिकेने समोर आरसा धरला. आरशात पाहत पाहत त्यांनी नळी पुढे ढकलली. शिरेच्या आतून ऊब जाणवली, मानेपाशी येताना थोडा खोकला आला. धावत आलेल्या पीटर रोमाइस या सहकाऱ्याने नळी ओढून काढायचा प्रयत्न केला तेव्हा त्याच्या नडगीवर लाथ मारून त्याला दूर ठेवावे लागले, असे आत्मचरित्र सांगते. शेवटी टोक उजव्या वरच्या कप्प्यात दिसले आणि तसा फोटो निघाला. पुढे खालच्या कप्प्यात जाता आले असते का? नाही. तेवढी लांबी नळीला नव्हती, अशी नोंद त्यांनी स्वतःच लेखात केली आहे. एका अर्थाने या पहिल्या प्रयोगाची हद्द हिमतीने ठरवली नाही, नळीच्या लांबीने ठरवली.

इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. बोअरमध्ये मोटर सोडायची तर पाइप किती घ्यायचा, हे शेजाऱ्याच्या बोअरवरून ठरत नाही. पाइप कमी पडला तर मोटर पाण्याच्या वर लटकते आणि जळते. जास्त सोडला तर ती तळच्या गाळात रुतते. पाणी किती फुटांवर आहे हे ज्याच्या त्याच्या बोअरला दोर सोडून पाहावे लागते.

माणसाच्या शिरेतही तसेच. आजारी माणसाला अतिदक्षता विभागात मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून मोठी नळी घालतात, तिला नातेवाईक सेंट्रल लाइन म्हणून ओळखतात. तिचे टोक वरच्या महाशिरेच्या खालच्या टोकाशी, हृदयाच्या अगदी दारात, असावे लागते. आखूड राहिली तर तीव्र औषधे शिरेच्या भिंतीवर आदळतात, भिंत सुजते, रक्ताची गुठळी धरते. फार आत गेली तर टोक हृदयाच्या आतल्या भिंतीला टोचत राहते, ठोके अनियमित होतात आणि क्वचित भिंतीला छिद्र पडून हृदयाभोवती रक्त साठते. छातीतून सुई घालताना ज्या संकटाला डॉक्टर भीत, तेच हे संकट. गंमत अशी की फोर्समान यांनी जिथे पोहोचण्यासाठी जीव धोक्यात घातला ती जागा आज रोजच्या सेंट्रल लाइनच्या हिशेबात जास्त आत गेलेली मानली जाते. दीर्घकाळ वापरायच्या मऊ टोकाच्या डायलिसिस नळ्यांना काहीशी सूट आहे, बाकीच्यांनी उंबरठ्यावरच थांबायचे.

मग लांबी ठरवायची कशी? सर्वांत सोपा हिशेब उंचीचा. मानेच्या उजव्या बाजूने नळी घालायची असेल तर सेंटिमीटरमधल्या उंचीला दहाने भागायचे. १८० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला १८, १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईला १५. हा ठोकताळा १९९० मध्ये पेरेस यांनी मांडला. मानेच्या डाव्या बाजूने जायचे तर याच हिशेबात ४ सेंटिमीटर वाढतात. कारण तेच, डावी शीर छातीत आडवी जाऊन मग मिळते. बाजारात मिळणाऱ्या प्रौढांच्या बऱ्याच नळ्या १५, १६ किंवा २० सेंटिमीटरच्या. आपल्याकडच्या ठेंगण्या, किरकोळ बांध्याच्या रुग्णाला २० ची नळी मुठीपर्यंत आत सरकवली तर ती हृदयात शिरणारच. म्हणून चांगला डॉक्टर घालण्यापूर्वी नळी रुग्णाच्या छातीवर धरून पाहतो, शिंपी बाहीवर टेप धरतो तसा, आणि नळीवरच्या सेंटिमीटरच्या खुणा मोजत आत सोडतो.

डायलिसिसच्या रुग्णांना हा फरक अंगावर जाणवतो. कळससारख्या गावातून बारामतीला किंवा पुण्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला सुरुवातीला अनेकदा तात्पुरती नळी बसवलेली असते. मानेच्या उजव्या बाजूला ती साधारण १२ ते १५ सेंटिमीटरची पुरते, जांघेत मात्र २० ते २५ ची लागते. जांघेत आखूड नळी बसवली तर टोक मोठ्या महाशिरेपर्यंत जात नाही आणि धुऊन परत पाठवलेलेच रक्त पुन्हा यंत्रात ओढले जाते. रुग्ण चार तास यंत्रावर पडून असतो आणि रक्त मात्र हवे तितके स्वच्छ होत नाही.

नवजात बाळांचे गणित तर फारच नाजूक. जन्मल्यावर पहिले काही दिवस नाळेतून नळी घालता येते. तिच्या लांबीसाठी इंग्लंडमधले डॉक्टर पीटर डन यांनी १९६६ मध्ये खांद्यापासून बेंबीपर्यंतचे अंतर मोजून वाचायचा आलेख दिला. पुढे वजनावरून सूत्रेही आली. नाळेच्या धमनीसाठी किलोतल्या वजनाला तीनने गुणायचे आणि नऊ मिळवायचे. म्हणजे १ किलोच्या बाळाला १२ सेंटिमीटर. एवढ्याशा शरीरात एका सेंटिमीटरने टोक दुसऱ्याच अवयवाच्या दारात जाते.

ही सगळी सूत्रे सरासरीची. कोणाची मान लांब, कोणाला कुबड, कोणाचे हृदय मोठे झालेले, कोणाचे पोट फुगून छाती वर ढकललेली. दंडातून घातलेली नळी तर हात हलवला तरी जागा बदलते. त्यामुळे मोजून घातल्यावर छातीचा एक्स-रे काढून टोक कुठे आहे ते पाहतात. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते ती जागा एक्स-रेत खूण म्हणून उपयोगी पडते. काही ठिकाणी नळीच्या टोकालाच ईसीजीची तार जोडतात. टोक उजव्या वरच्या कप्प्याजवळ आले की आलेखातली पी नावाची लहान लाट उंच होत जाते, मग नळी थोडी मागे घेतात. साधन कोणतेही असो, पद्धत फोर्समान यांचीच आहे. आधी अंदाज, मग डोळ्यांनी खात्री.

एबर्सवाल्डला परत जाऊ. फोटो पाहून श्नायडर यांचा राग मावळला. त्यांनी शिष्याला मद्यालयात नेऊन जेवू घातले आणि एका मरणोन्मुख स्त्री रुग्णावर हाच उपाय करू दिला. गर्भपातानंतर पोटात पू होऊन तिची अवस्था हाताबाहेर गेली होती. शिरेतल्या नळीतून हृदयापाशी औषध दिल्यावर तिला काही काळ बरे वाटले, पण ती वाचली नाही. आजच्या नियमांत यातले काहीच बसणार नाही. तिला काय समजावून सांगितले गेले, याची नोंद नाही. फोर्समान यांच्या धाडसाचे पोवाडे गाताना टेबलाला बांधलेली गेर्डा आणि ही अनाम बाई सहसा विसरली जाते.

लेख नोव्हेंबर १९२९ मध्ये छापून आला. तोवर फोर्समान बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात, फर्डिनांड झाउअरब्रुख या नामांकित शल्यविशारदाच्या विभागात, बिनपगारी काम करू लागले होते. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि गहजब झाला. १९१२ चे श्रेय आपले आहे असे उंगर यांनी कळवले, तेव्हा त्यांचा उल्लेख करणारी पुरवणी फोर्समान यांना द्यावी लागली. झाउअरब्रुख यांना हा सगळा प्रकार सर्कशीच्या तंबूत शोभणारा वाटला. त्यांनी फोर्समान यांना घरी पाठवले.

फोर्समान पुन्हा एबर्सवाल्डला आले आणि पुढच्या प्रश्नाला भिडले. नळी हृदयात गेली खरी, पण तिच्यातून क्ष-किरणात दिसणारे द्रव्य सोडले तर हृदयाचे आतले चित्र मिळेल का? त्यासाठी कुत्रे हवे होते. ते बर्लिनमधल्या आईच्या घरी राहत. प्रयोगाच्या दिवशी तिथेच मॉर्फिनची सुई देऊन, पोत्यात घालून, मोटारसायकलवरून कुत्रा रुग्णालयात आणला जाई. कुत्र्यांच्या हृदयाचे फोटो मिळाले. मग त्यांनी स्वतःवरही तो प्रयोग केला, पण त्या यंत्रावर माणसाच्या हृदयाचे स्पष्ट चित्र उमटले नाही. एकंदर नऊ वेळा त्यांनी स्वतःच्या हृदयात नळी घातली. १९३१ मध्ये जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत हे काम मांडले, तेव्हा सभागृहाने फारसे लक्ष दिले नाही.

जर्मनीबाहेर मात्र एका डॉक्टरला या कामाचे मोल कळले होते. १९३० मध्ये प्रागमध्ये ओटो क्लाइन यांनी फोर्समान यांच्याच वाटेने ११ रुग्णांच्या हृदयातून रक्ताचा नमुना घेऊन हृदय मिनिटाला किती रक्त फेकते ते मोजले. क्लाइन यांचे नाव आज हृदयरोगतज्ज्ञांनाही सहसा आठवत नाही. खरे तर मोजण्यासाठी या नळीचा उपयोग करणारे ते पहिलेच.

फोर्समान यांची नोकरी कुठे टिकत नव्हती. झाउअरब्रुख यांच्याकडे दुसऱ्यांदा गेले, तिथूनही निघावे लागले. माइंत्सच्या रुग्णालयात असताना एल्सबेट एंगेल या डॉक्टर सहकारी भेटल्या. १९३३ मध्ये दोघांनी लग्न केले आणि पती-पत्नीने एकाच रुग्णालयात नोकरी करू नये या नियमामुळे तिथूनही बाहेर पडावे लागले. मग त्यांनी हृदयाचा नाद सोडला आणि बर्लिनमध्ये मूत्रविकारांच्या शस्त्रक्रिया शिकून घेतल्या. ज्या शाखेची नळी त्यांनी हृदयासाठी उसनी घेतली होती त्याच शाखेत ते स्थिरावले. पुढे ड्रेस्डेन आणि बर्लिनच्या रुग्णालयांत वरच्या जागा मिळाल्या.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. १९३२ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच, ते नाझी पक्षाचे सभासद झाले. सक्ती होण्याच्या कितीतरी आधीची ही निवड होती, आणि तरुणपणाच्या भाबडेपणाने तिचे पुरते समर्थन होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात डॉक्टर होते. युद्धाच्या अखेरीस रशियन सैन्याच्या हाती सापडू नये म्हणून एल्ब नदी पोहून ओलांडली आणि अमेरिकनांच्या कैदेत गेले. सुटका झाली तरी पक्षाच्या सभासदत्वामुळे तीन वर्षे डॉक्टरकी करण्यास बंदी होती. त्या काळात त्यांनी जंगलात लाकूडतोडही केली. संसाराचा भार एल्सबेट यांनी ब्लॅक फॉरेस्टमधल्या खेड्यात दवाखाना चालवून उचलला. बंदी उठल्यावर तेही त्यांच्यासोबत काम करू लागले आणि १९५० मध्ये बाड क्रॉइत्सनाख या गावी मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. घरात सहा मुले होती.

दरम्यान न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी फोर्समान यांचा जुना लेख वाचला होता. फुफ्फुसातून रक्त किती आणि कोणत्या दाबाने वाहते हे त्यांना मोजायचे होते आणि त्यासाठी हृदयाच्या उजव्या भागातले रक्त हवे होते. आधी त्यांनी जनावरांवर काम केले, मग १९४१ च्या सुमारास माणसावर. फोर्समान यांच्या नळीचे टोक उजव्या वरच्या कप्प्यात थांबले होते. कूर्नां यांच्या चमूने पुरेशा लांबीची आणि टोकाशी किंचित वाकलेली नळी वापरली. ती खालच्या कप्प्यात आणि पुढे फुफ्फुसाच्या धमनीत नेता आली. युद्धात जखमी झालेल्यांचा रक्तदाब का कोसळतो, जन्मतःच सदोष असलेल्या हृदयात रक्त कुठून कुठे गळते, हे आकड्यांत कळू लागले. काही वर्षांत ही तपासणी मोठ्या रुग्णालयांत नेहमीची झाली.

१९५६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल कूर्नां, रिचर्ड्स आणि फोर्समान या तिघांना मिळून जाहीर झाले. फोर्समान तेव्हा ५२ वर्षांचे, आडगावचे मूत्रविकारतज्ज्ञ. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका दिवसासाठी आता माना मिळत होत्या, पण मधली वर्षे परत येणार नव्हती. हृदयविषयक संशोधनसंस्थेचे प्रमुखपद देऊ केले गेले तेव्हा ते त्यांनी नाकारले. शास्त्र आपल्याला मागे टाकून फार पुढे गेले आहे, याची त्यांना प्रामाणिक जाणीव होती. पंचविशीत वरिष्ठांचा हुकूम धुडकावणाऱ्या या माणसाचा हा नकार त्या प्रयोगाहून कमी मोलाचा नव्हता. १९५८ मध्ये ते ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या एका मुलाने पुढे मूतखडे बाहेरून लहरींनी फोडणाऱ्या पहिल्या यंत्राच्या घडणीत वाटा उचलला, म्हणजे नळ्यांचा हा व्यवहार घरातच दुसरीकडे वळला.

सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी टोकाला फुगा असलेली नळी जागत्या रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत नेऊन अडथळा मोकळा केला. आज गावोगावच्या लोकांना माहीत असलेली अँजिओप्लास्टी ती हीच. फोर्समान तेव्हा ब्लॅक फॉरेस्टमध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच राहत होते. १ जून १९७९ रोजी तिथल्या शोप्फहाइम गावी ते हृदयविकाराने वारले.